सॉलिड स्टेटमध्ये आयुष्य कसं जातं? जॉन बार्डीन यांच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे: "मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढे सॉलिड स्टेट, म्हणजे घन पदार्थांचं भौतिकशास्त्र, घ्यावं असं वाटतं. मित्र म्हणतात, खरं भौतिकशास्त्र म्हणजे कणभौतिकी आणि कृष्णविवरं. सॉलिड स्टेट म्हणजे पावडर कुटायची, गोळ्या दाबायच्या आणि भट्टीत टाकायच्या. आमच्या सरांनी जॉन बार्डीन यांचं चरित्र बघ म्हणून सांगितलं. भौतिकशास्त्राची दोन नोबेल मिळालेला माणूस, आणि मी तोवर नावही ऐकलं नव्हतं. या विषयातल्या शास्त्रज्ञाचं आयुष्य नेमकं असतं कसं?"

गोळ्या दाबण्याबद्दल तुमचे मित्र खरं तेच बोलतात. मी पस्तीस वर्षं त्या दाबल्या. 1987 साली मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वर्षभरापूर्वी झुरिकला बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये तीसेक केल्विनला (0 केल्विन म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअस) अतिसंवाहकता मिळाली होती, म्हणजे विजेला होणारा रोध पूर्ण नाहीसा होणं, वर्गात आपण जिला सुपरकंडक्टिव्हिटी म्हणतो ती. मग इट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या ऑक्साइडमध्ये तीच गोष्ट 92 केल्विनला दिसली, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनपेक्षा वर. जगभर एकच धांदल उडाली. आम्हीही अ‍ॅगेटच्या खलात इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड हात दुखेपर्यंत घोटलं, नऊशे अंशांच्या वर भाजलं, ऑक्सिजनमध्ये हळूहळू गार केलं. विभागात द्रव नायट्रोजन नव्हता. तो मिळायचा दूध संघाच्या कृत्रिम रेतन केंद्रात, वळूचं वीर्य साठवायला लागतो म्हणून. मी सायकलच्या कॅरिअरला कॅन बांधून तो आणायचो. एका संध्याकाळी रोध शून्यावर आला. मी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की व्होल्टेज मोजणारी एक तार चांदीच्या लेपातून सुटली होती. नमुना होता तसाच होता, काळा आणि निगरगट्ट.

हे आधी सांगतो, कारण बार्डीन यांची गोष्ट सहसा दोन पदकांपासून सुरू होते आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं, हा कुणी वेगळ्याच मातीचा माणूस असणार. माती आपलीच होती. वेगळं काय होतं ते आधीच सांगून टाकतो आणि मग तपशिलाकडे वळतो: त्यांची दोन्ही मोठी कामं, ट्रान्झिस्टर (बारीक विद्युतसंकेत मोठा करणारा छोटा तुकडा) आणि अतिसंवाहकतेचा सिद्धांत, एका खोलीत दुसऱ्या माणसाशेजारी बसून झाली, आणि त्यातलं एक काम त्यांनी दोनदा फसूनही सोडलं नाही.

त्यांचा जन्म 23 मे 1908 चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन इथला. वडील चार्ल्स तिथल्या विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता, आई अल्थिया कला शिकवणारी. मुलगा गणितात एवढा पुढे की तिसरीतून एकदम सातवीत बसवला. तो बाराएक वर्षांचा असताना आई कर्करोगाने गेली. पंधराव्या वर्षी तो विद्यापीठात दाखल झाला, आणि शाखा निवडली इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची. भौतिकशास्त्र नव्हे. 1928 मध्ये पदवी, 1929 मध्ये पदव्युत्तर पदवी. त्या काळात मॅडिसनला व्हॅन व्हलेक क्वांटम यांत्रिकी, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या वागण्याचं शास्त्र, शिकवत होते, आणि 1929 साली डिरॅक तिथे व्याख्यानं द्यायला आले होते. इंजिनिअरिंगचा मुलगा ती ऐकायला बसायचा.

पण लगेच भौतिकशास्त्राकडे वळायला ते दिवस नव्हते. महामंदी सुरू झाली होती. 1930 मध्ये बार्डीन पिट्सबर्गला गल्फ या तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. जमिनीवरच्या चुंबकीय आणि गुरुत्वाच्या मोजमापांवरून खाली तेल कुठे असेल याचा अंदाज बांधायचं काम. पगाराची पक्की नोकरी. लोक रांगेत पावासाठी उभे असताना 1933 मध्ये त्यांनी ती सोडली आणि प्रिन्स्टनला गणिताच्या पीएच.डी.साठी नाव घातलं. आपल्याकडे एखादा मुलगा ओएनजीसीची नोकरी सोडून 'मला गणित करायचंय' म्हणाला तर घरात काय होईल, कल्पना करा.

प्रिन्स्टनला मार्गदर्शक मिळाले युजीन विग्नर. घन पदार्थांना क्वांटम यांत्रिकी लावून बघणारी ती पहिली पिढी. विग्नर यांच्याकडून बार्डीन यांनी एक सवय उचलली: मोठा प्रश्न दिसला की त्याचे तुकडे करायचे, आणि ज्याचं उत्तर नक्की काढता येईल असा सर्वांत लहान तुकडा आधी घ्यायचा. प्रबंधाचा विषय होता धातूचं कार्यफल, म्हणजे धातूच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर ओढायला किती ऊर्जा लागते. पदवी 1936 ची. पृष्ठभाग हा शब्द लक्षात ठेवा, तो परत येणार आहे. मधली तीन वर्षं हार्वर्डला गेली, 1938 मध्ये जेन मॅक्सवेल यांच्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठात नोकरी लागली.

अतिसंवाहकतेचा नाद त्यांना तिथे लागला. 1911 मध्ये लायडनला कॅमरलिंग ऑनेस यांनी पारा गार केला आणि सुमारे 4.2 केल्विनला त्याचा रोध नाहीसा झाला. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं झाली तरी का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. बोर, हायझेनबर्ग, ब्लॉख, लांडाऊ, सगळ्यांनी हात लावून पाहिला होता. ब्लॉख तर थट्टेने म्हणायचे की अतिसंवाहकतेचा कुठलाही सिद्धांत चुकीचा ठरवता येतो, एवढा एकच सिद्धांत खरा आहे. बार्डीन यांची कल्पना अशी की स्फटिकातले अणू जागचे किंचित हलले तर इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत लहानशी फट पडेल, आणि तिथे गुपित असेल. गणित केलं, आकडे जुळले नाहीत. 1941 मध्ये युद्धामुळे त्यांना वॉशिंग्टनला नौदलाच्या प्रयोगशाळेत जावं लागलं, आणि पुढची चार वर्षं जहाजांचं चुंबकीय क्षेत्र आणि चुंबकीय सुरुंग यांत गेली. तेलाच्या शोधात शिकलेलं मोजमापांचं गणित असं कामाला आलं. पहिला प्रयत्न कागदातच राहिला.

1945 च्या ऑक्टोबरात ते न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल प्रयोगशाळेत आले. युद्ध संपलेलं, माणसं भराभर घेतली जात होती, जागा अपुरी. त्यामुळे हा सैद्धांतिक माणूस वॉल्टर ब्रॅटन आणि जेराल्ड पिअर्सन या दोन प्रयोगवाल्यांच्या खोलीत बसवला गेला. माझ्या मते विसाव्या शतकातली ही सर्वांत फायदेशीर जागेची टंचाई. ब्रॅटन यांचा भाऊ प्रिन्स्टनला बार्डीन यांचा मित्र होता, त्यामुळे तोंडओळख आधीची होतीच.

गटप्रमुख होते विल्यम शॉकली. त्यांची योजना कागदावर सरळ होती: अर्धसंवाहकाच्या (वीज धातूपेक्षा कमी आणि रोधकापेक्षा जास्त वाहून नेणाऱ्या, सिलिकॉनसारख्या पदार्थाच्या) पातळ थराजवळ विद्युतक्षेत्र आणा, त्या ओढीने थरात इलेक्ट्रॉन गोळा होतील, थराचा रोध बदलेल, आणि बाहेरच्या बारीक संकेताने आतला मोठा प्रवाह कमीजास्त करता येईल. करून पाहिलं तर काहीच घडेना. शॉकली यांनी बार्डीन यांना सांगितलं, आकडेमोड तपासा. आकडेमोड बरोबर होती. मग 1946 मध्ये बार्डीन यांनी निदान केलं: क्षेत्राने ओढलेले इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरच अडकून पडतात. पृष्ठभाग म्हणजे जिथे स्फटिक अचानक संपतो ती जागा. तिथे इलेक्ट्रॉनांना बसायला खास पातळ्या असतात, आणि तिथे बसलेले इलेक्ट्रॉन आतल्या भागाला क्षेत्राचा पत्ताच लागू देत नाहीत. प्रबंधातला पृष्ठभाग दहा वर्षांनी असा उपयोगी पडला.

इथे जरा थांबतो, कारण मला या माणसाचा मोठेपणा ट्रान्झिस्टरपेक्षा या निदानात जास्त दिसतो. फसलेल्या प्रयोगाकडे तीन प्रकारे बघता येतं. 'नमुना घाण होता' म्हणून टाकून द्यायचा, 'कल्पनाच चूक' म्हणून सोडून द्यायचा, किंवा 'काही घडलं नाही' हीच एक घटना मानून तिचं कारण शोधायचं. तिसऱ्या वाटेला धीर लागतो. बार्डीन यांच्या खुलाशानंतर त्या खोलीतल्या माणसांनी दीड वर्ष वस्तू बनवण्याचा नाद बाजूला ठेवला आणि नुसता पृष्ठभाग अभ्यासला.

1947 च्या नोव्हेंबरात ब्रॅटन यांना दिसलं की पृष्ठभागावर विद्युत-अपघटनी द्रव, म्हणजे आयनांतून वीज वाहून नेणारा द्रव, ठेवला तर क्षेत्र आत शिरतं. मग पाच आठवडे रोज काहीतरी नवं. बार्डीन सुचवायचे, ब्रॅटन संध्याकाळपर्यंत करून बघायचे. सिलिकॉनऐवजी जर्मेनियम आलं, द्रव गेला, त्याच्या जागी सोनं आलं. शेवटची रचना अशी: प्लास्टिकचा त्रिकोणी तुकडा, त्याच्या कडेवर सोन्याचा वर्ख, टोकाशी वर्खाला ब्लेडने बारीक चीर, आणि हा त्रिकोण स्प्रिंगने जर्मेनियमच्या तुकड्यावर दाबलेला. चिरेच्या दोन बाजू म्हणजे दोन संपर्क, अगदी जवळजवळ. 16 डिसेंबर 1947 ला संकेत वाढून बाहेर आला. हाच पहिला ट्रान्झिस्टर. त्या संध्याकाळी बार्डीन घरी आले तेव्हा जेन स्वयंपाकाला लागल्या होत्या. आज आम्हाला काहीतरी सापडलं, एवढंच ते पुटपुटले म्हणतात. 23 डिसेंबरला वरिष्ठांना दाखवलं तेव्हा माणसाचा आवाज त्यातून मोठा होऊन ऐकू आला.

30 जून 1948 ला न्यूयॉर्कमध्ये ट्रान्झिस्टर जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पान 46 वर, रेडिओच्या सदरात, शेवटी टाकली. आपल्याकडे पुढे हा शब्द एवढा रुळला की आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टर म्हणजे आत काय बसवलंय ते नव्हे, तर चामड्याच्या पिशवीतला, बांधावर ठेवून बातम्या ऐकायचा रेडिओच. वस्तूला नाव मिळालं आणि आतल्या शोधाचं नाव त्यात विरून गेलं. तुम्ही बार्डीन हे नाव का ऐकलं नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं त्यांच्या स्वभावात. ते इतकं हळू बोलत की त्यांचं टोपणनावच 'व्हिस्परिंग जॉन' पडलं होतं, कुजबुजणारा जॉन. प्रश्न विचारला की गप्प. समोरच्याला वाटायचं ऐकलंच नाही. मग बऱ्याच वेळाने एखादं वाक्य यायचं. गोल्फचं वेड होतं, शेजाऱ्यांना घरी जेवायला बोलवायचे, आणि त्यांतल्या कित्येकांना हा माणूस विद्यापीठात काय करतो याची कल्पना नसायची. अशा माणसावर चित्रपट निघत नाहीत.

शोधानंतर बेलमध्ये बिनसलं. पेटंट बार्डीन आणि ब्रॅटन या दोघांच्या नावावर झालं. शॉकली यांची क्षेत्र-परिणामाची, म्हणजे विद्युतक्षेत्राने प्रवाह बदलण्याची, मूळ कल्पना त्यात घेता आली नाही, कारण लिलिएनफेल्ड नावाच्या गृहस्थांचं तशाच कल्पनेचं 1930 चं पेटंट वकिलांना सापडलं. शॉकली यांनी मग एकट्याने बसून जंक्शन ट्रान्झिस्टरचा, म्हणजे वरून टेकवलेल्या संपर्कांऐवजी स्फटिकातल्या थरांच्या सांध्यांवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरचा, सिद्धांत मांडला. तो अफलातून होता, यात वाद नाही. पण पुढची वाट त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि बार्डीन-ब्रॅटन बाजूला पडले. बार्डीन भांडले नाहीत. वरिष्ठांना आपलं म्हणणं कळवलं, दुसरी जागा शोधली आणि 1951 मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथे अर्धे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे, अर्धे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचे पहिले पीएच.डी. विद्यार्थी निक होलोन्याक. यांनी पुढे 1962 मध्ये डोळ्यांना दिसणारा प्रकाश देणारा पहिला एलईडी बनवला. तुमच्या मित्रांच्या मोबाइलच्या पडद्यामागेही गोळ्या दाबणाऱ्यांचंच काम आहे, हे त्यांना जरूर सांगा. आणि गंमत अशी की आजच्या चिपांमधले ट्रान्झिस्टर शॉकली यांच्या त्या फसलेल्या क्षेत्र-परिणामावरच चालतात. सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साइडचा थर नीट वाढवला की पृष्ठभागावरच्या अडकवणाऱ्या जागा मिटतात, हे बेलमध्येच 1950 च्या दशकाअखेर उमगलं, तेव्हा कुठे ते जमलं.

आता अतिसंवाहकता, दुसरी फेरी. 1950 च्या मे महिन्यात रटगर्स विद्यापीठातून सेरिन यांचा फोन आला: पाऱ्याचे वेगवेगळे समस्थानिक (मूलद्रव्य तेच, केंद्रकाचं वजन वेगळं) घेतले तर संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली रोध नाहीसा होतो ते तापमान, बदलतं, केंद्रक जड तेवढं तापमान खाली. इलेक्ट्रॉनला केंद्रकाच्या वजनाचं काय पडलंय? पडलं असेल तर याचा अर्थ एकच, या खेळात स्फटिकाची कंपनं सामील आहेत. मिनेसोटात डोक्यात असलेली गोष्ट परत समोर आली. बार्डीन यांनी लगेच सिद्धांत मांडला, जवळजवळ त्याच वेळी फ्रॉलिक यांनी स्वतंत्रपणे मांडला, आणि दोघांचेही अपुरे पडले. ही दुसरी वेळ फसण्याची.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. विग्नर यांची सवय: तुकडे पाडा. आधी डेव्हिड पाइन्स यांच्यासोबत, इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना ढकलणं आणि कंपनांमुळे होणारं आकर्षण एकत्र धरलं तर निव्वळ काय उरतं, ते काढलं. विशिष्ट ऊर्जेच्या पट्ट्यात आकर्षण उरतं. मग एका जर्मन ज्ञानकोशासाठी या विषयाचा दीर्घ आढावा लिहायला घेतला. लिहिता लिहिता स्पष्ट झालं की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत फट कशी पडते एवढं दाखवता आलं तर बाकीचे गुणधर्म आपोआप मागे येतील. आढावा लिहिणं म्हणजे वेळ घालवणं असं समजणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगायचो.

आपल्याला क्षेत्र-सिद्धांताची, म्हणजे असंख्य कणांचं गणित एकत्र करण्याची, नवी हत्यारं येत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. म्हणून 1955 मध्ये लिऑन कूपर यांना बोलावलं. कूपर यांना अतिसंवाहकतेतलं काही ठाऊक नव्हतं, पण हत्यारं येत होती. जागा पुन्हा अपुरी, म्हणून कूपर यांचं टेबल बार्डीन यांच्याच खोलीत. तिसरे रॉबर्ट श्रीफर, पीएच.डी.चे विद्यार्थी. बार्डीन यांनी त्यांना दहा विषयांची यादी दिली होती, त्यात दहावा अतिसंवाहकता. श्रीफर यांनी दहावा घेतला.

1956 मध्ये कूपर यांनी दाखवलं की आकर्षण कितीही क्षीण असलं तरी इलेक्ट्रॉन-समुद्राच्या पातळीवरचे दोन इलेक्ट्रॉन जोडी बांधतात. इलेक्ट्रॉन जाताना आजूबाजूच्या धन आयनांना स्वतःकडे ओढतो. आयन जड, सावकाश हलतात. ते झुकेपर्यंत इलेक्ट्रॉन पार निघून गेलेला असतो, आणि मागे उरलेल्या धन भाराकडे दुसरा इलेक्ट्रॉन खेचला जातो. पण ही जोडी हातात हात घालून चालणारी नव्हे. अ‍ॅल्युमिनियममध्ये तिचा पसारा सुमारे 1.6 मायक्रॉन, शेजारच्या दोन अणूंमधल्या अंतराच्या हजारो पट. त्या जागेत लाखो इतर जोड्या. मी वर्गात वारीचं चित्र काढायचो: दोन वारकऱ्यांमध्ये हजार माणसं आहेत, तरी दोघांची पाउली एकमेकांना धरून पडते, आणि सगळ्या दिंडीतल्या जोड्यांचा ठेका एकच आहे. वाटेत एखादा दगड आला तर एकटा माणूस अडखळेल, पण सबंध दिंडीचा ठेका त्याने मोडत नाही. रोध नाही म्हणजे ठेका मोडत नाही. चित्र ढोबळ आहे, परीक्षेत लिहू नका.

एका जोडीवरून सगळ्यांचं मिळून एक गणित कसं करायचं, इथे घोडं अडलं. अशात 1 नोव्हेंबर 1956 ला सकाळी बार्डीन न्याहारीसाठी अंडी परतत होते, रेडिओवर ट्रान्झिस्टरच्या नोबेलची बातमी लागली आणि तवा हातातून पडला. आनंद होताच, पण स्टॉकहोमची तारीखही येऊन बसली होती, आणि इथे काम ऐन रंगात. श्रीफर तर विषय बदलायच्या बेतात होते. जाताना बार्डीन यांनी त्यांना सांगितलं, अजून महिनाभर धरून ठेवा. 1957 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत श्रीफर यांनी ते सर्व जोड्यांचं एकत्र तरंगफल, म्हणजे त्या सगळ्यांची मिळून अवस्था सांगणारं सूत्र, कागदावर उतरवलं. उरबानाला, म्हणजे इलिनॉय विद्यापीठाच्या गावी, परत येऊन दाखवलं, बार्डीन यांनी बराच वेळ पाहिलं आणि ओळखलं, हेच ते. पुढचे काही आठवडे तिघे एकेक गुणधर्म वाटून घेऊन मोजत सुटले. फेब्रुवारीत छोटं टिपण पाठवलं, सविस्तर लेख डिसेंबरात आला. तिघांच्या आद्याक्षरांवरून बीसीएस.

खातरजमाही शेजारूनच झाली. त्याच विभागात चार्ल्स स्लिक्टर आणि त्यांचे विद्यार्थी हेबेल यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या केंद्रकांच्या चुंबकीय अनुनादावर प्रयोग केला. फट पडली तर चुंबकीय क्षेत्राने हलवलेली केंद्रकं पुन्हा शांत होण्याचा वेग संक्रमणाखाली कमी व्हावा, अशी साधी अपेक्षा. त्यांना संक्रमणाच्या किंचित खाली तो आधी वाढलेला दिसला. ध्वनीचं शोषण मात्र सरळ कमी होत होतं. साध्या चित्राने दोन्ही एकदम समजणं शक्य नाही. बीसीएसच्या जोड्यांनी दोन्हींचं उत्तर एकाच सूत्रातून दिलं. सिद्धांतावर माझा विश्वास बसला तो या आलेखाने, सुंदर गणिताने नव्हे. 1972 मध्ये तिघांना नोबेल मिळालं. भौतिकशास्त्रात ते दोनदा मिळवणारा आजवर हा एकच माणूस. पहिल्या वेळी सगळी मुलं बरोबर आणली नाहीत म्हणून स्वीडनच्या राजांनी थट्टा केली होती. पुढच्या वेळी आणीन, असं बार्डीन म्हणाले होते, आणि आणली.

चरित्र इथे संपवलं तर छान दिसेल, पण तुम्ही आयुष्य विचारलं आहे. 1962 मध्ये केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिलं की दोन अतिसंवाहकांमध्ये पातळ विद्युतरोधक थर असला तरी जोड्या त्यातून व्होल्टेजशिवाय जाऊ शकतात. बार्डीन यांनी छापून विरोध केला: थरात जोडी टिकतच नाही. सप्टेंबरात लंडनच्या परिषदेत दोघे समोरासमोर आले. एकीकडे जोडीचा सिद्धांत बांधणारा, दुसरीकडे पीएच.डी.ही न झालेला पोरगा. पोरगा बरोबर होता. 1963 मध्ये अँडरसन आणि रोवेल यांनी बेलमध्ये तो प्रवाह मोजला, आणि बार्डीन यांनी आपला आक्षेप मागे घेतला. मी अनेक विभागांत उलटं पाहिलंय, चूक दिसल्यावर ज्येष्ठांनी विद्यार्थ्याचा प्रबंधच अडवून धरलेला.

शेवटच्या पंधरा वर्षांत ते नायोबियम ट्रायसेलेनाइडसारख्या पदार्थांतल्या भारघनता तरंगांमागे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या दाटी-विरळपणाच्या लाटांमागे, लागले होते. त्यांचं म्हणणं, हे तरंग अडकलेल्या जागेतून क्वांटम बोगद्याने, म्हणजे अडथळा न चढता त्याच्या आरपार, सुटतात. बहुतेक सहकाऱ्यांना अभिजात, म्हणजे क्वांटमशिवायचं, चित्र पुरेसं वाटत होतं, आणि बार्डीन यांचं कुणी फारसं मनावर घेत नव्हतं याचा त्यांना त्रास व्हायचा. दोन नोबेल मिळालेल्या माणसालाही परीक्षक लेख परत पाठवतात. 1975 मध्ये निवृत्त झाले तरी काम थांबलं नाही. 30 जानेवारी 1991 ला बोस्टनमध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी ते गेले.

'यात आता काय उरलंय' असं कुणी तुम्हाला म्हणालं तर आपल्या मुंबईकडे बोट दाखवा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधनाच्या संस्थेत इट्रियम, निकेल आणि बोरॉनच्या संयुगात सुमारे 12 केल्विनला अतिसंवाहकतेची पुसटशी खूण दिसली. नमुन्याच्या अगदी थोड्या भागातून येणारी. अशुद्धी म्हणून सोडून देण्यासारखीच. त्यांनी पाठ सोडली नाही, कार्बनचा हात असल्याचं ओळखलं, मुद्दाम कार्बन घातला, आणि 1994 मध्ये बोरोकार्बाइड हा अतिसंवाहकांचा नवा वर्ग जगापुढे आला. त्याच संस्थेत पुढे शुद्ध बिस्मथ 0.53 मिलिकेल्विनपर्यंत गार केल्यावर अतिसंवाहक होतो असं दिसलं. बिस्मथमध्ये वाहक इलेक्ट्रॉन इतके कमी, लाखभर अणूंमागे एखादा, की बीसीएसमधलं नेहमीचं गृहीतक तिथे लागूच पडत नाही. आणि मी 1987 मध्ये भाजलेली ती काळी गोळी? त्यात जोड्या असतात हे पक्कं. त्या कशाने बांधल्या जातात, यावर चाळीस वर्षांनीही एकमत नाही.

व्यवहाराचं थोडक्यात. नेट किंवा सेट, मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, मग एक-दोन पोस्टडॉक, तोवर वय तिशीच्या पुढे. हा हिशेब घरच्यांना आत्ताच सांगा. नमुने बनवण्यात आणि यंत्र दुरुस्त करण्यात तुमचा अर्ध्याहून जास्त वेळ जाईल. मोठं यंत्र तुमच्या विद्यापीठात नसेल तर इंदूरला यूजीसी-डीएईचं केंद्र आहे, विद्यापीठांतल्या लोकांनी येऊन मोजावं यासाठीच ते आहे. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या लेखांची संख्या बघा, पण त्यांच्या शेजारच्या खोलीत कोण बसतं तेही बघा, आणि दोघं एकमेकांशी बोलतात का, हे तिथल्या विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर विचारा. सिद्धांतात जाणार असाल तर वर्षभर तरी प्रयोगवाल्यांत बसा. प्रयोगात जाणार असाल तर बीसीएसचं गणित एकदा स्वतःच्या हाताने करा, दोन महिने लागतात.

यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्या प्रयोगशाळेत चार तारांचा रोधमापनाचा प्रयोग स्वतः जोडून बघा. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज. प्रत्येक वाचन प्रवाह उलटा करून पुन्हा घ्यायचं, म्हणजे तापमानातल्या फरकाने येणारं फसवं व्होल्टेज वजा होतं. आणि रोध शून्य दिसला तर मिठाईच्या दुकानात जाण्याआधी आतल्या दोन्ही तारा चिमट्याने हलक्या ओढून बघा.